गाडी टायर खाते तेव्हा

बारामती सोडून इंदापूरच्या दिशेला लागलं की दहाएक किलोमीटरवर काटेवाडी येते. आषाढात तुकोबांची पालखी इथून जाते तेव्हा वाटेवर परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, आणि महाराष्ट्रभरचे कॅमेरे त्या रिंगणावर लागलेले असतात. एरवी लोक हे गाव शरद पवारांचं म्हणून ओळखतात. मला मात्र काटेवाडीबद्दल लिहायचं आहे ते तिथल्या रस्त्यासाठी, आणि त्या रस्त्यावर रोज झिजणाऱ्या रबरासाठी.

दिवाळीच्या पुढेमागे इथलं वर्ष कूस बदलतं. भवानीनगरचा छत्रपती, इकडे माळेगाव, नीरेकाठचा सोमेश्वर, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. एकेका साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते आणि मग चार-पाच महिने या रस्त्याला उसंत नसते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, टायरच्या बैलगाड्या, दुधाचे टेम्पो, एमआयडीसीत कामगार नेणाऱ्या बस, बारामतीतच तयार झालेल्या पियाज्जोच्या ॲपे, आणि या सगळ्यांमधून वाट काढणारी घरची चारचाकी. प्रत्येकाची तक्रार शेवटी दोन वाक्यांत मावते. ‘गाडी थरथरतेय’ आणि ‘गाडी टायर खातेय’.

ही दोन्ही वाक्यं पुष्कळदा एकाच दुखण्याची असतात, आणि दोन्हींवर आपल्याकडे एकच उपाय होतो: नवे टायर घाला. पैसे जातात ते जातातच. त्याहून वाईट हे की गाडीत काय बिघडलंय याचा पुरावा जुन्या टायरवर उमटलेला असतो, आणि तोच आपण भंगारात देऊन मोकळे होतो. कारण गाडीत तसंच राहतं. नवा टायरही पुढच्या काही महिन्यांत त्याच बाजूने, त्याच पद्धतीने खाल्ला जातो. मग आपण टायर कंपनीला शिव्या देतो.

थरथरीपासून सुरुवात करतो, कारण तिचा या रस्त्याशी थेट संबंध आहे. ८ नोव्हेंबर २०२१ला पंढरपुरात दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूज करत तोंडले-बोंडल्याला जाणारा तुकोबांचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ९६५जी. जुन्या दुपदरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे पन्नास-साठच्या वर काटा क्वचितच जायचा. रुंद रस्ता मिळाला की तीच गाडी नव्वद-शंभरला पळते आणि मालक म्हणतो, ‘रस्ता चांगला झाला आणि गाडी बिघडली.’ गाडी आधीच बिघडलेली होती. त्या वेगाला ती कधी गेलीच नव्हती, म्हणून कळलं नव्हतं.

याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. पंधरा इंची रिमच्या कडेवर एका जागी तीस ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा, दोन-तीन सुपाऱ्यांएवढं. ताशी शंभर किलोमीटरला ते चाक सेकंदाला साधारण पंधरा फेरे घेतं. त्या वेगात हे तीस ग्रॅम चाकाला जवळजवळ पाच किलोच्या जोराने बाहेर खेचतात, एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला पंधरा वेळा. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नासला तोच सव्वा किलो असतो, आणि सव्वा किलो शॉकअप आणि बुश सहज पचवतात.

आणखी एक गंमत म्हणजे ही थरथर ऐंशीच्या आसपास सुरू होते, शंभरपर्यंत टिकते आणि पुष्कळदा त्यापुढे कमी वाटते. चाक, हब आणि त्यांना धरणारे दांडे या सगळ्याला मिळून स्वतःची एक उसळी असते, सेकंदाला ढोबळमानाने दहा ते पंधरा. चाकाच्या फेऱ्यांचा आकडा त्या उसळीशी जुळला की ती भडकते, पुढे गेला की शमते. म्हणून ‘एकशेदहाला पळवली की थांबते’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण तो उपाय नव्हे, आणि या रस्त्यावर, जिथे रात्री रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढ्यात येऊ शकते, तो उपाय कुणीही करू नये.

आता त्या तीस ग्रॅमचं मूळ. बॅलन्सिंगच्या वेळी रिमला लावलेला शिशाचा तुकडा निखळणं हे नेहमीचं कारण. पण कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या काळ्या रानात आणखी एक कारण हटकून सापडतं: चिखल. नुकतंच पाणी दिलेल्या फडाच्या कडेने गाडी नेली की काळी माती रिमच्या आतल्या घळीत जाऊन बसते आणि उन्हात वाळून दगड होते. बाहेरून गाडी धुतलेली असते, अलॉय चकाचक असतात, आणि आतल्या बाजूला एकाच जागी पावभर माती चिकटलेली असते. अशा गाडीचं स्टेअरिंग महामार्गावर चढताच हातात नाचायला लागतं. रानात जाऊन आल्यावर अचानक थरथर सुरू झाली असेल, तर बॅलन्सिंगच्या मशीनकडे जाण्याआधी पाण्याचा पाइप आतून मारावा. या भागातल्या जुन्या टायरवाल्यांचा शिरस्ता हाच आहे. चाक उतरवलं की पहिलं हत्यार हाती येतं ते पत्र्याची पट्टी. आतली माती खरवडून काढायची आणि मगच चाक मशीनवर चढवायचं. माती न काढता मशीनवर घातलेलं चाक मातीसकट बॅलन्स होतं. दोन दिवसांनी माती गळून पडते आणि तक्रार नव्याने सुरू होते.

थरथर कुठे जाणवते हेही विचारावं लागतं. स्टेअरिंग हलतं तेव्हा संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पाठ हलते तेव्हा मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग झटके देत असेल तर टायरला हात लावू नका, ब्रेकची डिस्क वाकडी झालेली असते किंवा तिची जाडी कमी-जास्त झालेली असते. चढाला ॲक्सिलरेटर दाबल्यावरच गाडी हादरते आणि पाय काढला की शांत होते, तेव्हा बघायचे ते ॲक्सलचे जॉइंट, आणि मागच्या चाकांना ताकद देणारी पिकअप असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. चारचाकी महिनाभर एकाच जागी उभी असेल, पुण्या-मुंबईच्या लोकांच्या गावाकडच्या गाड्या असतात तशी, तर टायर टेकलेल्या जागी चपटा होतो. निघाल्यावर पाच-दहा किलोमीटर धपधप होतं आणि रबर तापलं की आपोआप जातं. त्यासाठी खर्च करायचं काही कारण नाही.

मात्र एका थरथरीला मी कोणतीही सवलत देणार नाही. वीस-तीसच्या वेगाला गाडी बदकासारखी डोलत असेल, स्टेअरिंग संथपणे डावी-उजवी करत असेल, तर तिथेच थांबून उतरावं. एक तर चाकाचे नट सैल आहेत, नाहीतर टायरला फुगा आलाय किंवा आतली तारेची पट्टी सुटलीय. अशा टायरवर महामार्गाला लागणं म्हणजे जिवाशी खेळ. नट हाताने नव्हे, पान्याने बघावेत, आणि ते समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत असं जुने मिस्त्री सांगतात ते याचसाठी: एका बाजूने सलग आवळत गेलं तर चाक हबवर तिरकं बसतं आणि नट काही दिवसांत ढिले होतात. स्टेपनी बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरांनी पुन्हा एकदा पाना लावून बघणं हे बहुतेकांच्या डोक्यातून निघून जातं.

टायर खाण्याचं प्रकरण याहून शांत असतं, आणि म्हणून जास्त महाग पडतं. चांगला टायरवाला गाडी आल्यावर आधी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण तोडून घेतो, उकिडवा बसतो आणि टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवतो. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत सरकतो आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखा अडकतो, तेव्हा मशीन लावायच्या आधीच त्याला निम्मं उत्तर मिळालेलं असतं: टो बिघडलाय. म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नाहीत, नाकं आत किंवा बाहेर वळलीत. डोळ्यांना हे दिसत नाही. साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचं नाक मागच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटर आत असेल, तर एक किलोमीटर सरळ जाताना ते चाक सव्वातीन मीटर आडवं घासलं जातं. बारामती ते पुणे शंभर किलोमीटर धरले, तर एका खेपेत सव्वातीनशे मीटर. टायर सव्वातीनशे मीटर डांबरावरून आडवा ओढला तर त्याचं काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

झीज करवतीसारखी नसून एकाच कडेला सपाट असेल, तर चाक उभ्यात झुकलंय. हा कॅम्बरचा दोष. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी. आणि टायरवर ठरावीक अंतराने खड्डे, त्यालाच इथले लोक ‘लाटा पडल्या’ म्हणतात, तेव्हा शॉकअप मेलेला असतो. चाक रस्त्यावर टेकून न राहता टप्पे खातं आणि जिथे आपटतं तिथलं रबर जातं. लाटा पडलेला टायर घूंऽघूं असा आवाज करतो, तो अगदी बेअरिंग गेल्यासारखा. बेअरिंग विनाकारण बदललं जातं ते यामुळे. वळणावर आवाज चढला-उतरला तर बेअरिंग. सरळ आणि वळणावर सारखाच राहिला तर हात टायरवर फिरवावा.

आता या रस्त्याची खास खोड. समोरून उसाची दुहेरी ट्रॉली येते, उसाचे शेंडे दोन्ही अंगांना लोंबताहेत, आणि आतल्या गावरस्त्यांवर तिला वाट द्यायची म्हणजे आपली डावी चाकं साइडपट्टीवर उतरवायची. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत चार-सहा बोटांचा खड्डा असतो. दिवसातून दहादा उतरायचं, दहादा चढायचं. प्रत्येक धक्का डाव्या पुढच्या चाकाच्या टाय रॉडला, लोअर आर्मच्या बुशला आणि रिमच्या आतल्या ओठाला बसतो. म्हणून या पट्ट्यातली गाडी तपासताना मी आधी डावं पुढचं चाक बघायला सांगेन, तेही आतून. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतल्या कडेला तार उघडी पडलेली असते. रस्त्याचा उतारही पाणी जावं म्हणून डावीकडे असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं हा दोष नव्हे. सपाट जागेवर हात सोडल्यावर ओढत असेल तरच तक्रार करावी.

आणि इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात. बुश फाटलेल्या, बॉल जॉइंट ढिल्या झालेल्या गाडीचं अलाइनमेंट केलं जातं. पडद्यावर सगळे आकडे हिरवे होतात, कागद हातात येतो, आणि पहिल्या खड्ड्यात ते आकडे गेलेले असतात, कारण चाक धरून ठेवणारंच काही शाबूत नसतं. आधी गाडी जॅकवर चढवायची. चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. नऊ आणि तीनला धरून हलवायचं. खेळ लागला तर टाय रॉडचं टोक. मग पहारीने बुश दाबून बघायचा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे आणि ते करणाऱ्याला मशीनवाल्याइतकाच मान मिळायला हवा. अलाइनमेंटला काहीशे रुपये लागतात, चार टायरना हजारो. मधल्या पाच मिनिटांचा आळस कुणालाच परवडणारा नाही.

हवेबद्दल या भागात एक चूक उन्हाळ्यात घरोघर होते. सकाळी सावलीत ३२ भरलेली हवा दुपारी पंपावर ३७-३८ दाखवते. टायर पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर तापला तर एवढी वाढ होतेच. पंपावरचा पोरगा ‘जास्त आहे’ म्हणून सोडून देतो. संध्याकाळी टायर गार झाला की हवा सत्तावीसच्या आसपास आलेली असते, कडा खाल्ल्या जातात आणि बाजूची भिंत जास्त वाकून आणखी तापते. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. हवा सकाळी निघतानाच बघावी. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन खात्याने पुढच्या उन्हाळ्यात प्रवेशाच्या ठिकाणीच टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत फिरवल्या. लांब, तापलेला, न थांबता पळायला लावणारा रस्ता टायरमधली जुनी दुखणी उघडी पाडतो. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की चारचाकीचा टायर संपला, हे टायरच्या खाचांतल्या छोट्या उंचवट्यांवरून कुणालाही कळतं. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की थांबावं.

एक गैरसमज मात्र टायरवाल्यांमध्येही पक्का आहे. दोनच नवे टायर घ्यायचे असले की ते पुढे घालायचे आणि खाल्लेले मागे टाकायचे. पुढे स्टेअरिंग आहे, इंजिन आहे, म्हणून चांगले पुढे, हे ऐकायला पटतं. पण पावसात पुढची चाकं सटकली तर गाडी सरळ जाऊ बघते, स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला कळतं आणि पाय काढला की ती पुष्कळदा सावरते. मागची चाकं सटकली तर गाडी लट्टूसारखी फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून नवे टायर मागे. खाल्लेला टायर मागे टाकून झाकणं हा तर दुहेरी धोका, कारण खाणारं कारण पुढे तसंच असतं आणि आता ते पुढचे टायर खायला मोकळं होतं.

इथपर्यंत सगळं चारचाकीचं झालं. पण काटेवाडीच्या रस्त्यावर ज्यांच्या टायरकडे कुणीच बघत नाही त्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. ट्रॉलीला नायलॉनचे टायर असतात, पुष्कळदा ट्रकवरून उतरलेले, रिमोल्ड केलेले, चारही वेगवेगळ्या नक्षीचे. ट्रॉलीचं ॲक्सल मागे-पुढे सरकलं, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले, की ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागे सरळ न येता तिरकी येते. मागून बघितलं तर खेकड्यासारखी चालताना दिसते. तिचा टायर एका अंगाने जातो, ट्रॅक्टरचं डिझेल जातं, आणि रस्त्यावर ती जागाही जास्त खाते. हे मोजायला मशीन लागत नाही. हुकपासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी धरायची. दोन्ही अंतरं सारखी भरली पाहिजेत. गावातला कुठलाही वेल्डिंगवाला हे करून देतो, फक्त हंगामाआधी त्याच्याकडे ट्रॉली रिकामी न्यावी लागते.

बैलगाडीचं याहून नाजूक. १८८८ मध्ये हवेचा टायर व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलप बेलफास्टमधला पशुवैद्य होता. त्याच्या टायरने पुढे आपल्याकडच्या लाकडी, लोखंडी धावेच्या चाकांची जागा घेतली आणि बैलांवरचा भार खरोखर हलका केला. टायरच्या गाडीत आज दीड-दोन टन ऊस भरला जातो. पण तिला स्टेअरिंग नाही, शॉकअप नाही. तिचा एकच सांधा म्हणजे जू. एका चाकात हवा कमी असली, बेअरिंग जाम असलं, किंवा फडाच्या बांधावर आपटून ॲक्सल वाकलं असलं, तर ते चाक मागे ओढतं आणि गाडी त्या बाजूला वळू बघते. चारचाकीत हा ओढा ड्रायव्हरच्या हाताला कळतो. इथे तो दांडीतून जुवात जातो आणि जुवातून बैलाच्या खांद्यावर. गाडी सरळ ठेवण्यासाठी बैलांना आडवा रेटा द्यावा लागतो, फडापासून कारखान्यापर्यंत, रात्रंदिवस. खांदा सोलवटतो, सुजतो. पोळ्या-बेंदराच्या आदल्या दिवशी आपण ज्या खांद्याला हळद-लोणी लावून खांदेमळणी करतो, तोच हा खांदा. खांदेसुजेवर मलम लावणारे पशुवैद्य आहेत. ती जिथून सुरू होते त्या टायरची हवा मोजणारं कुणी नसतं.

गाडीवान बीड-अहिल्यानगरकडून येतात. टायरगाडी पुष्कळदा कारखान्याची, भाड्याने घेतलेली. एका चाकाचा टायर एका कडेने गेलेला दिसत असला, तरी गाडी आपली नाही, पंपावर जायचं तर खेप चुकते, आणि हवा मोजायचं मीटर कुणाकडेच नसतं. दोष त्यांचा नाही.

यावरचा उपाय मला अवघड वाटत नाही, म्हणून तो इथे नेमकेपणाने मांडतो. ऊस घेऊन आलेल्या गाड्या वजनकाट्याआधी गाडीतळावर तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. त्याच गाडीतळावर प्रत्येक कारखान्याने हवेचा एक कॉम्प्रेसर, एक मीटर आणि एक माणूस ठेवावा, फुकट. दोन्ही चाकांत सारखी हवा, चाक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज, आणि टायरची कोणती कड झिजलीय एवढं तीन गोष्टींचं बघणं. वाकलेलं ॲक्सल सापडलं तर गाडी त्या रात्री बाजूला घेऊन दुसरी द्यावी. मोळी टाकायच्या कार्यक्रमाआधी, गाड्या वाटायच्या दिवशीच, प्रत्येक ॲक्सल सुतळी लावून बघून त्यावर खडूने तारीख टाकता येईल. मार्चअखेरीला गाड्या परत येतील तेव्हा टायरच्या दोन्ही कडा पुन्हा तपासाव्यात, आणि एकाच कडेने गेलेला टायर बदलण्याआधी ती गाडी वेल्डिंगवाल्याकडे पाठवावी.